मम्मटाचे दुसरे प्रयोजन

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या आरंभी काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत, आणि भारतीय साहित्यशास्त्राचा पेपर ज्याने एकदा तरी लिहिला आहे त्याला ती क्रमाने पाठ असतात. यश पहिले, अर्थ दुसरे, व्यवहारज्ञान तिसरे. मग अमंगलाचा नाश, तत्काळ मिळणारा परमानंद आणि कांतेच्या बोलण्यासारखा गोड उपदेश. मराठीच्या वर्गावर्गांतून पाचव्या प्रयोजनावर तास रंगतो, रसचर्चेला तिथूनच वाट फुटते. दुसऱ्या प्रयोजनावरून मात्र लगबगीने पुढे जाण्याची रीत आहे. लक्ष्मीचा विषय सरस्वतीच्या अंगणात फार वेळ काढू नये, असा एक अलिखित संकेत असावा.

अर्थप्राप्तीचे उदाहरण देताना मम्मट वृत्तीत धावकाचे नाव घेतो: श्रीहर्षाकडून धावकाला धन मिळाले. काही पोथ्यांत धावकाच्या जागी बाणाचे नाव आहे. तो पाठभेदाचा प्रश्न वेगळा. टीकाकारांनी त्यावर जी आख्यायिका सांगितली आहे ती मात्र मोठी गमतीची आहे. ‘रत्नावली’ ही नाटिका धावकाने लिहिली, राजाच्या नावावर केली आणि तिचा मोबदला घेतला, असे ती म्हणते. एवढ्यावरून श्रीहर्षाचे कर्तृत्व नाकारता येणार नाही हे उघड आहे. परंतु ज्याला आज आपण शब्दांकन म्हणतो, निवृत्त अधिकाऱ्याचे आत्मचरित्र किंवा पुढाऱ्याचे भाषण दुसऱ्याच कोणी तरी लिहून देणे म्हणतो, त्या व्यवसायाचा मूळपुरुष साहित्यशास्त्राच्या पहिल्याच उल्लासात येऊन बसला आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की वर्ग एकदम जागा होतो. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, त्याला किती मिळाले असतील?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही दोघे नाशिकच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या वर्गात दिंडोरी, पेठ, सुरगाणा, निफाड, सिन्नर इथून लाल गाडीने येणारी मुले-मुली असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले हे पहिलेच माणूस. एम. ए. झाल्यावर त्यांच्यापुढची वाट सर्वांना ठाऊक आहे. बी. एड. करायचे, टीईटी द्यायची, भरतीची वाट पाहायची. किंवा सेट-नेट उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर शिकवायचे, म्हणजे जेवढे तास तेवढे मानधन आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. या वाटेवर पाऊल टाकण्याआधी कोणी विचारले, की ध्वनिसिद्धान्ताचा मला उपयोग काय, तर तो उद्धटपणा नव्हे. घरी आईबापांना जे उत्तर द्यावे लागणार आहे त्याची ती तयारी असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी मांडणी झाली आणि पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्रीय प्रकल्प येऊन बसला. सगळे त्याला ओजेटी म्हणतात. चार श्रेयांक म्हणजे १२० तास. रसायनशास्त्राची मुले सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गेली, वाणिज्याची सनदी लेखापालांच्या कार्यालयांत. मराठीची मुले कुठे पाठवायची? कार्यशाळांतून याचे उत्तर एका वाक्यात मिळते: प्रसारमाध्यमे, जाहिरात, अनुवाद, प्रकाशन. वाक्य छान आहे. पण त्यातला प्रत्येक शब्द पुण्या-मुंबईत राहतो. नाशिकमध्ये वृत्तपत्रांच्या आवृत्त्या आहेत, मुद्रणालये आहेत, १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. तरी वर्गातल्या सगळ्यांना पुरतील एवढ्या जागा त्यांत नाहीत. म्हणून आम्ही पत्रे जिकडेतिकडे पाठवली. एका ठिकाणी मुलांना तीन आठवडे केवळ पावत्या चिकटवायला बसवले आणि शेवटी ‘कौशल्य आत्मसात केले’ असे प्रमाणपत्र दिले. त्या ठिकाणाचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, कारण असे कुठेही होऊ शकते.

परंतु अंबडच्या एका छोट्या कारखान्यात जे घडले ते सांगण्याजोगे आहे. यंत्राचे सुटे भाग करणारा हा कारखाना. सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत होत्या, त्या मराठीत लावायच्या होत्या. कोणी तरी संगणकावरून भाषांतर करून ठेवले होते आणि आमच्या विद्यार्थिनीला ते फक्त ‘तपासायचे’ होते. तिसऱ्याच फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेले: ‘रक्षकाशिवाय यंत्र चालवू नका.’ कामगार ते वाचून दाराकडच्या रखवालदाराकडे बोट दाखवून हसत. मूळ शब्द होता गार्ड. म्हणजे फिरत्या चाकावर, पात्यावर बसवलेले संरक्षक झाकण.

तिने आम्हाला संध्याकाळी फोन केला तो चूक सापडली हे सांगायला नव्हे. ती म्हणाली, “मॅडम, हे हरीसारखे झाले.” काव्यप्रकाशाच्या दुसऱ्या उल्लासात अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने नियंत्रित होतो याची यादी आहे. मम्मटाने ती भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’तून घेतली आहे: संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी. हरी म्हणजे विष्णू, सिंह, माकड, घोडा, आणखीही काही. पण शंखचक्रांसह म्हटले की विष्णूच. आणि गंमत पुढे आहे. ‘शंखचक्रांविना हरी’ म्हटले तरीही विष्णूच. कारण ज्याच्यापाशी शंखचक्रे असतात त्याच्याच बाबतीत ती नसल्याची गोष्ट करता येते. हा विप्रयोग. यंत्राजवळ ‘गार्डशिवाय’ असे लिहिले तर त्या यंत्रावर जे एरवी असते तेच अभिप्रेत असणार, रखवालदार नव्हे. संगणकाला प्रकरण कळले नाही आणि विप्रयोगही नाही. आम्ही हे दरवर्षी शिकवतो, परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते आणि मुले ती व्यवस्थित लिहितात. पण विप्रयोग हा शब्द मशीनच्या तेलाचा वास लागून परत आलेला आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

पुढचा भाग तिने स्वतः केला. ‘गार्ड’ला मराठी शब्द शोधायचा की नाही, यावर ती दोन दिवस कामगारांशी बोलली. ‘संरक्षक जाळी’ सुचली, पण प्रत्येक यंत्रावर जाळी नसते. ‘आवरण’ सुचले, ते कोणी म्हणत नाही. कामगार गार्डच म्हणतात, तेव्हा फलकावरही गार्डच ठेवायचे, फक्त वाक्य असे करायचे की रखवालदार त्यातून निघून जाईल: ‘गार्ड लावल्याशिवाय मशीन चालू करू नये.’ दुसऱ्या एका फलकावर तिने एकच अक्षर हलवले. ‘मशीन थांबल्यावर झाकणच उघडा’ असे तिथे होते. तिने ‘मशीन थांबल्यावरच झाकण उघडा’ केले. अवधारणार्थक ‘च’ची जागा हा व्याकरणाच्या तासाला जांभया आणणारा विषय आहे. तिथे त्या ‘च’वर कोणाची तरी बोटे अवलंबून होती.

या निमित्ताने ‘उपयोजित मराठी’विषयी आमचे मत सांगून टाकतो. सैद्धान्तिक पेपर कमी करा आणि उपयोजित वाढवा, म्हणजे नोकऱ्या मिळतील, असे हल्ली अभ्यासमंडळांपासून पालकसभांपर्यंत सगळीकडे म्हटले जाते. उपयोजित मराठी आता नवलाची राहिलेली नाही. अकरावीच्या ‘युवकभारती’त सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद आहे; बारावीच्या पुस्तकात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख आहे. मुले आमच्याकडे येतात तेव्हा मुद्रितशोधनाच्या खुणा त्यांना येत असतात. हे नमुने उपयोगी आहेत, पण नमुने लवकर शिळे होतात. आमच्या विद्यार्थिदशेत तारेचा मजकूर कमीत कमी शब्दांत लिहायला शिकवत; २०१३ साली तार बंद झाली. अर्जाचा नमुना प्रत्येक संकेतस्थळ आपापला ठरवते. नमुना पाठ असलेला माणूस नमुना बदलला की अडतो. आणि नमुने भरण्याचे काम तर आता यंत्रे करू लागली आहेत. जे काम माणसाकडे उरते ते ‘रक्षकाशिवाय’ पाहून थबकण्याचे, आणि तिथे थबकायला उपयोजित पेपर शिकवत नाही. ते ज्या पेपराने शिकवले त्याचे नाव साहित्यशास्त्र होते.

अर्थात याची दुसरी बाजू मांडणारा माणूस आमच्याच परंपरेत आहे आणि तो सहजासहजी टाळता येणारा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात उच्च शिक्षणावर त्यांचा आक्षेप असा होता, की हे शिक्षण माणसाला कारकून आणि शाळामास्तर होण्यापुरते तयार करते, स्वतंत्रपणे जगण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही. प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य शिकवावे. आणि गरज पडेल तेव्हा नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाही असा शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावा, असे ते सांगत होते. आमचे विद्यापीठ आज सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते, आणि १८८२ चा आक्षेप मराठी विभागांना अजून चिकटलेला आहे. फरक एवढाच, की कारकून आणि मास्तर होण्याचीही खात्री आता उरलेली नाही. मात्र फुले ज्ञान कमी करा असे म्हणत नव्हते, हेही वाचले पाहिजे. त्यांच्या यादीत व्याकरण होते, इतिहास-भूगोल होता. ज्ञान आणि नांगर एकाच माणसाच्या हाती असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. कौशल्यशिक्षणाच्या नावाखाली गरिबांच्या मुलांना नांगर आणि उरलेल्यांना ज्ञान, अशी वाटणी होऊ लागली तर फुल्यांचे नाव तिच्यासाठी वापरता येणार नाही.

मुद्रितशोधनाचीच गोष्ट घ्या. सटाण्याकडची आमची एक विद्यार्थिनी शहरातल्या एका लहान मुद्रणालयात १२० तासांसाठी गेली. हाती आले ते कसमादे भागातल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या आठवणींचे बाड. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातली माणसे त्यात आपल्या बोलीत बोलत होती. ‘काय करी ऱ्हायना’ असे एकमेकांना विचारत होती. मुद्रणालयाच्या मालकांची सूचना सरळ होती: सगळे शुद्ध करून टाक. तिने साहित्य महामंडळाचे नियम काढले. १९६२ चे चौदा आणि १९७२ ला जोडलेले चार, असे अठरा नियम आपण ऱ्हस्व-दीर्घापुरते वापरतो. पण केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरपूर्व गद्य मूळ रूपात छापावे असे सांगणारा नियमही त्यातच आहे, बोलणाऱ्याचा उच्चार दाखवायचा असेल तेव्हा तसे लिहिण्याची मुभाही त्यातच आहे. म्हणजे शुद्धतेच्या संहितेलाही आपली हद्द कुठे संपते हे ठाऊक आहे. तिने निवेदन प्रमाण लेखनाप्रमाणे केले आणि संवाद जसेच्या तसे ठेवले. मालक म्हणाले, “ताई, लोक म्हणतील प्रुफे तपासलीच नाहीत.”

यावर तिने जे उत्तर दिले ते आम्ही तिच्या अहवालात वाचले. तिने ‘लीळाचरित्रा’चा दाखला दिला होता. म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून गोळा केल्या. पुढे मूळ ग्रंथ हरवल्यावर तो स्मरणातून पुन्हा लिहिला गेला, आणि एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ ‘वासना’ म्हणून, कोणाची वासना ते नाव देऊन, जपले गेले. हिराइसेची वासना, परशरामबासांची वासना. ज्यांना स्वामींचा शब्दन् शब्द पवित्र होता त्यांनीही पाठभेद पुसून एकच गुळगुळीत पाठ केला नाही. मग या आजोबांच्या आठवणींतला शब्द आपण कोण पुसणार? मालकांना हा युक्तिवाद कितपत पटला ते सांगता येत नाही. आजोबांच्या मुलाला मात्र संवाद वाचून दाखवल्यावर त्याने तसेच ठेवायला सांगितले, आणि पैसे तो देणार असल्याने वाद मिटला. व्यवहारज्ञान हे तिसरे प्रयोजन.

मोडीविषयी थोडक्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. दप्तरे निघाली, पण वाचणारे कुठे होते? ज्या लिपीच्या वर्गाला एरवी चार डोकी बसत तिथे चौकशीचे फोन येऊ लागले. मोडी ही अक्षरे ओळखण्याची बाब आहे असा समज असतो. प्रत्यक्षात इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ तीत वेगळे दाखवले जात नाहीत, शब्द तोडून लिहिलेले नसतात, संक्षेप भरपूर. त्यामुळे अक्षर लागले तरी शब्द लागेलच असे नाही. जुन्या दप्तराची भाषा, हुद्दे, वतने, फार्सीतून आलेली परिभाषा माहीत असेल तरच वाचन विश्वासार्ह होते. आणि इथे वाचन चुकले तर परीक्षेतले गुण जात नाहीत, एखाद्या कुटुंबाचा दाखला चुकतो. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत, २०२७ च्या सिंहस्थाला यात्रेकरू आपापल्या पूर्वजांची नावे शोधत त्यांच्यापाशी येतीलच. ही मागणी किती टिकेल हे मात्र आम्ही कोणाला छातीठोकपणे सांगत नाही. मागणीची लाट येते तशी जाते, आणि लिपी शिकायला मात्र वर्षे लागतात.

आतापर्यंत आम्ही वर्गातून कामाकडे जाणाऱ्या वाटेबद्दलच बोललो. उलटी वाट या शहरात १९८९ पासून आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ त्या वर्षी स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की या विद्यापीठाचा विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा हातात आधीच काम घेऊन येतो, हे लक्षात येत नाही. आमच्यापैकी एक जण काही वर्षे अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रांत मराठी शिकवत असे. समोर बसवाहक, परिचारिका, पोलीस शिपाई, बाजार समितीत तोलाई करणारे. कादंबरीतला निवेदक शिकवताना सर्वसाक्षी निवेदक आणि मर्यादित दृष्टिकोन यांतला फरक नियमित वर्गात समजवायला दोन तास लागतात. त्या वर्गात एक हवालदार म्हणाले, “सर, आमच्या पंचनाम्यात सर्वसाक्षी चालत नाही.” पंचनाम्यात पंचांसमक्ष जे दिसले तेवढेच लिहायचे, आरोपी घाबरलेला होता असे लिहिता येत नाही, त्याचे हात थरथरत होते असे लिहायचे, रक्त म्हणायचे नाही, रक्तासारखे लाल डाग म्हणायचे. वीस वर्षे ते असे लिहीत होते. त्यांना निवेदनमीमांसेतून नोकरी मिळणार नव्हती, ती होतीच. पण आपण जे लिहितो त्याला एक शास्त्र आहे, हे कळल्यावर ते पुढच्या रविवारी एक तास आधी येऊन बसले. आम्ही पुढे नियमित वर्गातही हा भाग कादंबरीच्या आधी पंचनाम्यानेच सुरू करू लागलो, आणि दोन तासांचे काम अर्ध्या तासात होऊ लागले. सिद्धान्त आणि काम यांची गाठ नेहमी पदवीनंतरच पडावी असे नाही.

हे सगळे सांगितल्यावर धावकाला किती मिळाले, हा प्रश्न शिल्लक राहतोच. मुद्रितशोधनाचा दर पानामागे ठरतो आणि तो सांगताना सांगणाराच खाली पाहतो. अनुवादकाला शब्दामागे मिळते, म्हणजे नेमका एक शब्द शोधायला दोन दिवस घालवणारा तोट्यात जातो. शब्दांकन करणाऱ्याचे नाव पुस्तकावर येत नाही. धावकाचे निदान मम्मटाने तरी घेतले. अभिरुची आणि विवेक लागतो असे काम समाजाला हवे आहे, त्याची किंमत मात्र टंकलेखनाची. याचा दोष अभ्यासक्रमावर टाकणाऱ्यांनी एकदा दरपत्रक वाचावे. वर्गात आम्ही शब्दशक्तीबरोबर आता हेही शिकवतो: काम घेताना पाने मोजून घ्या, दोनदाच दुरुस्ती करून द्या, निम्मे पैसे आधी मागा. भारतीय साहित्यशास्त्राच्या तासाला हे शोभते का, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. आम्ही त्यांना पहिला उल्लास दाखवला.

अंबडच्या त्या कारखान्यात आता मराठी फलक लागले आहेत आणि तिथल्या व्यवस्थापकांनी यंदा दोन विद्यार्थी पाठवा असे कळवले आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करायच्या आहेत. काम १२० तासांत मावणारे नाही, सहा महिन्यांचे तरी आहे. आम्ही उत्तरात लिहिले, की विद्यार्थी पाठवू, पहिले १२० तास श्रेयांकांचे, त्यापुढे दरमहा मानधन द्यावे आणि पुस्तिकेवर अनुवादकाचे नाव छापावे. नावाला त्यांची हरकत नाही. मानधनाच्या कलमावर त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून पत्र परत पाठवले आहे, आणि येत्या सोमवारी भेटीला बोलावले आहे. ती विद्यार्थिनीही बरोबर येणार आहे. रक्षकाचा जुना फलक तिने जपून ठेवला आहे, तो घेऊन.